वाढीला दिलेलं

गुरुवारी सकाळी साडेनऊला लाइट गेली आणि म्हस्कूआबांच्या छातीत धस्स झालं. लाइट जाण्याचं काही नाही. गुरुवारी ती जातेच, दुरुस्तीच्या नावाखाली, आणि तिच्या मनाला येईल तेव्हा येते. धस्स झालं ते आवाज थांबला म्हणून. माशांच्या टाकीमागं हवेचा वीतभर पंप होता. तो दिवसरात्र घर्र घर्र करायचा, टाकीतल्या स्पंजाच्या नळीतून बुडबुडे वर यायचे, आणि हे दोन आवाज मिळून जे काही व्हायचं ते आबांच्या कानात असं मुरलं होतं, की खाली शिक्रापूरच्या चौकात ट्रेलर दिवसभर बोंबलत गेले तरी त्यांना ऐकू येत नसत; पण हा एवढासा आवाज थांबला, की कुणी खांद्याला धरून हलवल्यासारखं व्हायचं. आणि त्या रिकाम्या शांततेत त्यांना कालचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. घरमालकीण अनुपमाबाई पाण्याच्या मोटारीचं काहीतरी सांगायला आली होती. दारातच थबकली. नाकाला पदर लावला नाही, तेवढी ती सभ्य होती. नुसतं म्हणाली, "कसला वास येतोय हो आबा? ओला, कुबट?" आबा हसले, "खिडकी बंद हाय न्हवं" म्हणाले आणि खिडकी उघडायला उठले. खिडकी उघडीच होती.

त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पण रात्रभर त्या एका वाक्याभोवती फिरत राहिला. वास आपलाच, दुसऱ्या कुणाचा असणार! शाळेत दुसरीपर्यंत गेले तेव्हा गुरुजींनी त्यांना खिडकीपाशी बसवलं होतं, ते काही उजेडासाठी नव्हे. बाजारात, मोटारीत, सोयरिकीच्या मांडवात, मेंढरांचा वास त्यांच्या आधी पोचायचा आणि ते निघून गेल्यावरही थोडा वेळ बसून राहायचा. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. वाटायला आपण एकटे थोडेच होतो, रानोरान फिरणारा अख्खा वाडा तसाच होता, बायकापोरं, कुत्री, घोडी, सगळी. पण आता ते सुनेच्या घरात होते. दुसऱ्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीवर. लोक म्हणणार ते अंकिताला म्हणणार, हिच्या घराला वास मारतो. ही गोष्ट त्यांना सोसवेना. आपला दोष आपण घ्यायला हरकत नाही, पण पोरीच्या माथी आपला वास का म्हणून?

अंकितानं त्यांना इथं आणलं तेही कसं! बायको सखूबाई गेली आणि आबांनी बोलणंच टाकलं. रुसले वगैरे नव्हते. जे बोलायचं ते तिच्याशीच बोलायची सवय, ती गेल्यावर शब्द कुणाकडं काढायचे तेच कळेना. मुलगा बिरू ट्रेलरवर, महिन्यातले वीस दिवस गुजरातच्या रस्त्यावर. एका रविवारी अंकिता एकटीच एसटीनं गावाकडं आली, चुलीपाशी बसली, चहा केला, आणि म्हणाली, "आबा, चला तिकडं. हे गाडीवर असतात, मला एकटीला घर खायला उठतं." तिला घर खायला उठत नव्हतं. कंपनीत आठ तास उभं राहून आल्यावर ती आडवी झाली की घोरायला लागते, हे आबांना पुढं आठवड्याभरात कळलं. पण ती तसं म्हणाली. "तुम्हाला सांभाळते" न म्हणता "मला सांभाळा" म्हणाली. कोण म्हणतं असं? आबांना अजून ते आठवलं की ते उगीच खाकरतात.

टाकी तिनंच आणली. कंपनीतली कुणी मैत्रीण गाव सोडून चालली होती, तिची तीन फुटी टाकी हिनं उचलली, "आबा, हे तुमच्या हवाली" म्हणाली, आणि फिल्टर घ्यायला त्यांना सोबत घेऊन गेली. दुकानदार सोनम, पंचविशीतली पोरगी, तोंडात साखर आणि हातात सतत ओली जाळी. तिनं फिल्टर मांडले. एक टाकीच्या काठाला टांगायचा, त्यातून पाणी छोट्या धबधब्यासारखं पडायचं. एक आत बुडवायचा. एक टाकीखाली ठेवायचा बंबाएवढा डबा, पाणी नळीनं खाली नेऊन गाळून वर पाठवणारा, सगळ्यात भारी. "गोल्डफिश खातात लई आणि घाण लई करतात," सोनम म्हणाली, "त्यांना हाच बरा. आणि आबा, अजिबात आवाज नाही. चालू आहे का बंद, कळणारसुद्धा नाही." आबांनी सगळे फिल्टर चालू करायला लावले आणि एकेकापाशी वाकून कान लावला. धबधब्याचा आवाज नळ उघडा राहिल्यासारखा, जीव टांगणीला लावणारा. बंब तर मुकाच. शेवटी कोपऱ्यातला सगळ्यात स्वस्त, स्पंजाचा, हवेच्या पंपावर चालणारा. घर्र... बुडबुड... घर्र... "ह्यो घ्या," आबा म्हणाले. सोनम हसली. "आबा, ह्याचा आवाज होतो. झोपमोड होईल." "आवाज व्हतो म्हनूनच." सोनमनं अंकिताकडं पाहिलं. अंकितानं कारण विचारलं नाही. "मग ह्यालाच दोन स्पंज लाव," एवढंच म्हणाली.

कारण विचारलं असतं तरी आबांना नीट सांगता आलं नसतं. वाडगं असायचं, वाघरीच्या जाळ्यात मेंढरं बसलेली. दिवस कलला, की एकेक मेंढी रवंथ करायला लागायची. शंभर तोंडं एकदम चघळायला लागली, की त्याचा एक आवाज होतो. तो कानानं ऐकत नाहीत, पाठीनं ऐकतात. बाप म्हणायचा, "रवंथ ऐकू येतोय तवर पाठ करून नीज. थांबला की ऊठ." कारण रवंथ थांबतो तो लांडग्याचा वारा आला की. मेंढी ओरडत नाही, पळत नाही, आधी चघळायचं थांबते. म्हणून आवाज थांबला की आबांना धस्स होई. मेंढरं विकून तीस वर्षं झाली, मार्केट यार्डात राखणदारी करून म्हातारे झाले, पण पाठ काही विसरली नव्हती. टाकीतल्या पाच माशांनाही त्यांनी मेंढरांचीच नावं ठेवली. डोक्यावर पांढरं टेंगूळ असलेली मोठी ती ढवळी, मग काळतोंडी, बांडी, खैरी, आणि सगळ्यात खादाड भुंडी. अंकिता कंपनीतून आली, की चपला काढता काढता विचारायची, "आबा, कळप काय म्हणतो?" आणि आबांची दिवसभर गिळून ठेवलेली वाचा सुटायची.

तर त्या गुरुवारी लाइट नव्हती, अंकिता पहिल्या पाळीला गेली होती, आणि आबांनी घर धुवायला काढलं. आधी घोंगडी. मग उशीची खोळ, मग बनियनं. मग त्यांची नजर टाकीकडं गेली. पंप बंदच होता, म्हणून त्यांनी दोन्ही स्पंज बाहेर काढले आणि नाकाशी नेले. व्हय की, वास इथंबी हाय! काळा, चिकट, बुळबुळीत गाळ, आणि वास असा, पावसानं भिजलेल्या लेंडीखतासारखा. क्षणभर त्यांना तो वास आवडला. ओळखीचा वाटला. तेच वाईट झालं, कारण ओळखीचा वाटला म्हणून तर त्यांना त्याची लाज वाटली. बादलीत धुण्याची पावडर घातली, स्पंज पिळून पिळून काढले, मग सात पाण्यांनी खळबळले आणि गच्चीवर उन्हात घोंगडीशेजारी वाळत टाकले. गाळ निघून गेला तेव्हा कळलं, की स्पंज मुळात हिरवे होते. दुपारी लाइट आली. कोरे करकरीत स्पंज टाकीत बसले, बुडबुडे वर आले, पाणी काचेसारखं. आबा टाकीसमोर मांडी घालून बसले आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःवर खूष झाले.

शुक्रवारी मासे सुस्त वाटले, म्हणून त्यांनी चार दाणे जास्त टाकले. शनिवारी सकाळी काळतोंडी कुशीवर तरंगत होती. आबांनी तिला ओंजळीत उचललं, गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं आणि हात तीनदा धुतले. संध्याकाळी अंकितानं टाकीकडं पाहिलं. "चारच दिसतात." "दगडामागं आसंल," आबा म्हणाले. अंकिताशी ते पहिल्यांदा खोटं बोलले. अंकितानं त्यांच्याकडं पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "असू दे." रविवारी तिला ओव्हरटाइम होता. ती घरी यायच्या आत बांडी गेली. तीही कुंडीत. आता दगडामागं दोघी कशा मावतील, ह्याचा विचार करत आबा जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले. आणि सोमवारी अंकिता कामावर गेली तेव्हा उरलेल्या तिघी पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंडं उघडत होत्या, मिटत होत्या. ढवळीचे कल्ले लालभडक झाले होते. पंप चालू होता, घर्र घर्र. पण आता त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज नाहीसा झाला होता, आणि तो कसला, ते आबांना समजेना.

हे असं त्यांच्या हातून आधी एकदा झालं होतं. सोळा वर्षांचे असतील. दुष्काळाचं साल, मेंढरं चार दिवसांची उपाशी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. बाप पाणी बघायला पुढं गेलेला. एका रानात कापलेल्या ज्वारीच्या खोडव्याला कोवळे हिरवे फुटवे आले होते. म्हस्कूला बघवलं नाही. त्यानं कळप आत घातला. सुकाळात जे किरळ, विषारी, म्हणून कुणी जवळ जाऊ देत नाही, ते उपाशी मेंढरांनी अधाशासारखं खाल्लं, आणि तासाभरात पोटं फुगून, पाय झाडून त्रेचाळीस मेंढरं आडवी झाली. सात उरली. बाप आला. म्हस्कू काठी पुढं धरून उभा होता, मारायला सोपं जावं म्हणून. बापानं काठी घेतली, बघितली, आणि परत त्याच्याच हातात दिली. "उपाशी बघवलं न्हाई तुला," बाप म्हणाला. "ज्याला बघवतं, त्याच्या हाती काठी देऊ न्हाई." आणि चौथ्या दिवसापासून माणसं यायला लागली. आसपास उतरलेल्या एकेका वाड्यातून एकेक जण, पुढं एक मेंढी घेऊन. काही मेंढ्या बापानं पूर्वी वाढीला दिलेल्या होत्या, म्हणजे सांभाळायला दुसऱ्याच्या हवाली केलेल्या, होणारी कोकरं निम्मी त्याची, निम्मी आपली. त्यांचीच पिल्लावळ परत आली. काही नुसत्याच दिलेल्या, नात्याला, रीतीला. नकुशी नावाची एक म्हातारी होती, तिच्यापाशी दोनच, त्यातली एक लंगडी तिनं आणली. "लंगडी हाय, पन दूध उतू जातंय," म्हणाली आणि पाणीसुद्धा न पिता गेली. वर्षभरात वाडा पुन्हा उभा राहिला. तेव्हा त्या पोराला वाटलं होतं, की माणसानं आभार मानायचे तर कुठून सुरुवात करायची? आजही ते त्यांना नीटसं उलगडलं नव्हतं.

पण आता कोण येणार मेंढी घेऊन? इथं शेजारच्या दाराला कडी. आबांनी घोंगडी खांद्यावर टाकली, कारण बाहेर पडताना ती टाकायचीच, फोन चार्जिंगलाच राहिला, आणि जिना उतरून सोनमच्या दुकानात गेले. सगळं सांगितलं. पावडरसुद्धा सांगितली. सोनमनं कपाळाला हात लावला. "अहो आबा, त्या गाळातच तर जीव राहतात! बारीक, डोळ्याला न दिसणारे. माशांची घाण तेच खाऊन पचवतात, म्हणून पाणी गोड राहतं. स्पंज धुवायचा तो टाकीच्याच पाण्यात, नुसता हलका दाबून, आणि दोन्ही एकदम कधीच नाही. साबण लावून तुम्ही सगळी वस्तीच उठवली की!" आबा स्टुलावर बसले. घाणीतच जीव. आणि हे आपल्याला ठाऊक नव्हतं? आपल्याला? ज्या रानात चार दिवस मेंढरं बसवली त्या रानाला तीन वर्षं खत लागत नसे, पाटील लोक घोड्यावर बसून बोलवायला यायचे, "आमच्या रानात बसवा, ज्वारी देतो, गूळ देतो." लेंडीवर जमीन जगते ह्यावरच ज्याच्या सात पिढ्या जगल्या, त्यानं एका बाईनं नाक मुरडलं म्हणून लेंडी साबणानं धुतली! त्यांना हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांना पाणी आलं, आणि सोनमनं गुपचूप पाण्याचा ग्लास पुढं केला.

"आता काय करायचं, पोरी?" "आधी दोन बादल्या पाणी बदला, कालचं भरून ठेवलेलं. दाणे बंद. आणि कुणाच्या तरी चालू टाकीतला मळका स्पंज पाहिजे, विरजणासारखा. माझ्याकडचा नाही देत, नव्या मालावर पांढरे ठिपके आलेत, औषध चालू आहे. तुमच्या घरी रोग जाईल." मग ती थांबली, आणि तिचा चेहरा उजळला. "अहो, तुमचाच आहे की! यवतच्या सर्जेरावांकडं. ढाबा आहे त्यांचा. दिवाळीत नवी टाकी लावली तेव्हा अंकिताताईंनी तुमचा अर्धा स्पंज कापून दिला होता. मीच नेला." आबांना ते आठवलं, आणि आठवताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दिवाळीत एका स्पंजाचा अर्धा भाग गायब झालेला पाहून ते केवढे चिडले होते! माझ्या हवाली केलं म्हणता आन् मला न विचारता कापता? अंकिता पोळ्या लाटत होती. मागं न बघता म्हणाली होती, "वाढीला दिलाय, आबा." त्यांनी ते नुसतं ऐकून घेतलं, फुरंगटून टाकीकडं जाऊन बसले. तो शब्द तिला त्यांनीच कधीतरी मेंढरांच्या गप्पांत सांगितला होता. तिनं तो जपून ठेवला होता, आणि आपल्याला आपलाच शब्द ऐकू आला नाही.

वर जाऊन आबांनी दोन बादल्या पाणी बदललं, झाकणाची स्टीलची किटली घेतली, आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी एसटी धरली. ढवळी तोवर तग धरेल ना? आपण येईपर्यंत अंकिता घरी पोचली तर? तिसरा मासा तिनं मेलेला पाहिला, तर काय सांगायचं? कुठल्या दगडामागं? म्हातारं माणूस पाच मासे सांभाळू शकत नाही, त्याला घर कसं सोपवायचं, असं तिला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? काही बोलणार नाही ती, बोलणारी नव्हेच. एखाद्या रविवारी म्हणेल, आबा, गावाकडं जाऊन या थोडे दिवस. आणि थोडे दिवस म्हणजे किती ते दोघांनाही माहीत असेल. आबांनी घोंगडी मांडीवर घट्ट धरली. साबणानं धुतल्यावर तिचाही वास गेला होता, परक्याची वाटत होती. खिडकीबाहेर ऊस, ऊस आणि ऊस. ह्याच वाटेनं ते कळप घेऊन भीमेच्या अंगाला उतरायचे, तेव्हा इथं माळ होता, कुसळं होती. पारगावचा पूल आला. पूल नव्हता त्या काळात बाप एका कोकराला खांद्यावर घेऊन पाण्यात शिरायचा आणि बाकीचा कळप मुकाट मागं यायचा. आबांना वाटलं, आता आपल्या खांद्यावर काय आहे? नुसती रिकामी किटली.

चौफुल्याला गाडी बदलून आबा यवतच्या ढाब्यावर पोचले, तेव्हा सर्जेराव गल्ल्यावरून उठून बाहेर आले. चांगले दणकट, पांढऱ्या कपड्यांतले, मिशीला वेळ देणारे. ढाब्यात दारासमोरच टाकी, चार फुटी, आत रंगीत दिवा. आबांनी उभ्यानंच सांगितलं, कोण, कुठले, काय झालं. "धुण्याच्या पावडरीनं?" सर्जेराव म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. मग आबांचा चेहरा पाहून हसणं आवरलं. "आहो, बसा आधी. मी बी तेच करणार हुतो. त्या सोनमनं फोनवर असा दम भरला की हात मागं घेतला." त्यांनी बाह्या सरसावल्या, टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि काळाकुट्ट स्पंज वर काढला. आबांनी किटलीत टाकीचंच पाणी घेऊन ती पुढं धरली. "अर्धाच द्या," आबा म्हणाले. "तुमच्या माशांचं काय?" "माझ्याकडं आजून दोन हायती. सगळा न्या. तुमचाच हाय की, म्या काय निसता सांभाळला." असं म्हणून त्यांनी स्पंज किटलीत सोडला. मग जेवल्याशिवाय जाऊ देईनात. पिठलं-भाकरी समोर ठेवत म्हणाले, "आमच्या आज्ज्याच्या रानात तुमची लोकं मेंढरं बसवायची. आज्जा म्हनायचा, वाडा उठताना त्यांच्या मागनं चार पावलं चालत जावं, ती लोकं जमिनीचं देणं देऊन चालल्यात." आबांचा घास तोंडातच राहिला. इतकी वर्षं ते वास मागं ठेवून जात होते असं त्यांना वाटत होतं, आणि कुणीतरी मागून चार पावलं चालत येत होतं.

परतीच्या गाडीत किटली मांडीवर. दर थांब्याला झाकण उघडून वारा लागू द्यायचा, सोनमची ताकीद होती. शेजारच्या बाईनं वास हुंगला. आबा सावध झाले, आणि मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, मान ताठ करून बसले. "काय हाय वो किटलीत?" "विरजण," आबा म्हणाले. "आसल्या वासाचं?" "आसल्याच वासाचं चांगलं लागतंय." बाई सरकून बसली, पण हसली.

पाच वाजता जिना चढले. दार उघडंच होतं. अंकिता टाकीसमोर फरशीवर बसली होती, अंगात अजून कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाय ओले, शेजारी बादली. तिनं किटलीकडं पाहिलं नाही, टाकीकडं पाहिलं नाही. आबांच्या खांद्यावरच्या घोंगडीकडं पाहत राहिली, आणि मग तिचा चेहरा असा काही मोडला, की आबा घाबरून उंबऱ्यातच थांबले. "कुठं गेला होता आबा? फोन इथंच. घोंगडी नाही. मला वाटलं..." "काय वाटलं?" "तुम्ही गेलात. गावाकडं. कायमचं."  अख्खा दिवस आबा ज्या भीतीला मांडीवर घेऊन फिरले होते, तीच भीती इथं ह्या पोरीच्या मांडीवर बसली होती. "न्हाई गं," ते म्हणाले. "मी स्पंज धुतला. साबण लावून. दोन मेली. कुंडीत पुरली. तुला खोटं बोललो." "ठाऊक आहे. शनिवारी स्पंज हिरवेगार दिसले तेव्हाच कळलं." "मग बोलली न्हाईस?" अंकितानं नाक पुसलं. "घोंगडीपण धुतलेली पाहिली ना मी. अनुपमाताई जिन्यात भेटल्या होत्या, त्यांनी मलाही विचारलं होतं वासाचं. मग मला सगळं कळलं, आणि तुम्हाला कसं विचारावं तेच कळेना." ती उठली, त्यांच्या हातातली किटली घेतली, झाकण उघडलं आणि वास घेतला. "ह्याचाच वास होता, आबा. तुमचा नव्हता. आणि तुमचा असता, तर? माझा बाप ह्याच वासाचा होता. मी त्याच वासात वाढले. मला तर तुम्ही आलात तेव्हा माहेर आल्यासारखं झालं होतं."

स्पंज तिनंच बसवला. पंपाला नळी जोडली, बुडबुडे वर आले, सुरुवातीला पाण्यात थोडा काळा गाळ उडाला आणि खाली बसला. दोघं शेजारी बसून बघत राहिले. "एक वाडगं राहिलं म्हनून बरं," आबा म्हणाले. "एक कुठलं?" अंकिता हळूच म्हणाली. "सहा घरी दिलाय मी. एक यवतला, एक शिरूरला डेपोजवळ, दोन कंपनीतल्या पोरींकडं, दोन दौंडला. तुम्ही दिवाळीत चिडलात, म्हणून नंतर सांगितलं नाही. कोपरे कापून कापून देत होते." आबांनी तिच्याकडं पाहिलं. सहा घरी! त्यांना न सांगता, त्यांचा कळप दोन तालुक्यांत चरत होता. काठी परत हातात दिल्यावर बापाला काय म्हणावं ते सोळाव्या वर्षी सुचलं नव्हतं, लंगडी मेंढी आणणाऱ्या म्हातारीला काय म्हणावं ते सुचलं नव्हतं, चुलीपाशी "मला घर खायला उठतं" म्हणणाऱ्या ह्या पोरीलाही काही म्हणायचं राहूनच गेलं होतं. ते खाकरले. मग खाकरणं सोडून सरळ म्हणाले, "पोरी, तू मला न्यायला आलीस, लई बरं केलंस. न्हाईतर मी तिथंच वाळून गेलो असतो." अंकितानं मान हलवली आणि बादली उचलून मोरीत नेली.

ढवळी दोन दिवस वरच्या कडेलाच होती. बुधवारी दुपारी ती खाली उतरली आणि वाळूत तोंड खुपसून दाणे शोधायला लागली. खैरी आणि भुंडी तिच्या मागं. तीन. सातावर वाडा उभा राहतो, तर तीन काही कमी नव्हेत. आबांनी तरी दाणे घातले नाहीत. सोनमनं आठवडा सांगितला होता.

गुरुवारी साडेनऊला लाइट गेली. पंखा मंदावत थांबला, फ्रिज एकदा कण्हला आणि गप्प झाला. आबांची पाठ आपोआप ताठ झाली. पण आवाज थांबला नाही. घर्र... बुडबुड... जरा बारीक, जरा वेगळा, पण चालूच. ते उठून टाकीमागं वाकले. जुन्या पंपाशेजारी दुसरा एक छोटा पंप बसवलेला होता, बॅटरीचा, लाइट गेली की आपोआप चालू होणारा. सकाळी कामावर जाताना अंकितानं तो कधी लावला, त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.  मग आबांनी फरशीवर घोंगडी अंथरली, टाकीकडं पाठ केली आणि निवांत आडवे झाले.